चाक आधी, ब्रेक मागाहून

वारणा खोऱ्यात गळीत हंगाम सुरू झाला की वारणानगरच्या साखर कारखान्याकडे जाणारे रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. आता त्यांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचीच गर्दी अधिक. तरी साखरपट्ट्यातून बैलगाडी अजून पुरती गेलेली नाही. मात्र या बैलगाडीला लाकडी चाके नसतात. मोटारीसारखे हवा भरलेले रबरी टायर असतात. म्हणून तिला कोणी टायरगाडी म्हणतात, कोणी डनलॉप गाडी. त्याच रस्त्यावरून एखादी डिकीवाली घरगुती मोटार, म्हणजे सेडान, जात असते. तिची मूळची पोलादी चाके काढून तिथे मोठी, चकचकीत ॲलॉय चाके बसवलेली असतात.

या दोन वाहनांत साम्य एकच. दोघांचीही चाके मागाहून बदललेली आहेत. मोटारीची चाके बदलताना घरात रंगाची, नक्षीची आणि किमतीची भरपूर चर्चा होते. ब्रेकचे काय करायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. बैलगाडीच्या बाबतीतही नेमके असेच घडले होते, आणि ते आपल्याच भागात, दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. मोटारीत ब्रेक चाकाच्या आत दडलेला असतो. बैलगाडीत सगळे उघड्यावर असते, आणि चुकीची किंमतही तिथे कोणाच्या मानेवर पडते ते दिसते. म्हणून मोटारीकडे वळण्याआधी बैलगाडीची हकिकत पाहू.

जुने लाकडी चाक ही कमी प्रतीची वस्तू होती असा समज करून घेण्याचे कारण नाही. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसवलेले लाकडी पुठ्ठे आणि त्या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना. धाव बसवण्याची रीत तर भौतिकशास्त्राचा उत्तम धडा आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवायची, भट्टीत लाल करायची, फुगलेली असतानाच चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. चाकाचा व्यास १.४ मीटर धरला तर धावेचा परीघ सुमारे ४.४ मीटर होतो. लोखंड दर अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढले तर परीघ जवळजवळ २६ मिलिमीटरने वाढेल. थंड होताना धाव तेवढीच आकसू पाहते आणि सगळे सांधे घट्ट आवळले जातात. हे गणित लोहाराने कधी कागदावर मांडले नसेल, पण त्याच्या हाताला ते ठाऊक होते.

चाक आणि बैलांची जोडी यांचे नाते महाराष्ट्रात किती जुने आहे, याचा एक देखणा पुरावा १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे सापडला. दोन बैल जुंपलेला आणि भरीव चाकांचा कांस्य रथ, त्यात उभा असलेला माणूस. या रथात बैल आहेत, जू आहे, चाके आहेत. ब्रेक नाही. तो असायची गरजही नव्हती. भार हलका, वेग माणसाच्या चालीचा, आणि आख व तुंबा यांच्यातले घर्षण एवढे की गाडी ओढणे थांबवले की ती आपोआप थांबे. आपल्याकडच्या सपाटीवरील लाकडी गाडीचेही तसेच होते. आखाला वंगण घालून घर्षण कमी करायचे, तरी उरलेले घर्षण न मागता ब्रेकचे काम करी. घाटात मात्र वेगळी तजवीज लागे. चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दोराने आवळणे, किंवा चाक सरळ साखळीने जखडून ते न फिरवता फरफटत नेणे, हे उपाय घोड्यांच्या व बैलांच्या गाड्यांसाठी जगात अनेक ठिकाणी वापरले गेले.

आता रबरी चाकाकडे येऊ. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतले. त्याने ते घोडागाडीला लावून १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवूनही दाखवले. पण रबर महाग होते आणि चाकाचे गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे कल्पना विसरली गेली. पुढे जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली, ती आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी. त्याचे पेटंट १८८८ चे. थॉमसनचे काम उजेडात आल्यावर ते पेटंट रद्द झाले, पण नाव मात्र डनलॉपचेच राहिले. हा डनलॉप बेलफास्टमध्ये राहत असे आणि व्यवसायाने होता पशुवैद्य. बैलांच्या गाडीला पुढे एका पशुवैद्याचे नाव पडावे, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

डनलॉप कंपनीचा भारतातील कारखाना १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे सुरू झाला. त्या दशकात देशात रस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर होता. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समिती १९२७ साली नेमली गेली होती, आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. या अभियंत्यांचे एक जुने दुखणे म्हणजे बैलगाडीची लोखंडी धाव. खडीच्या रस्त्यावर ती सुरीसारखी चालते. समजा एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि धाव रस्त्याला जेमतेम १० चौरस सेंटिमीटर जागेत टेकते. मग दाब झाला चौरस सेंटिमीटरला ५० किलो. हवेच्या टायरमधला दाब समजा ३.५ किलो असेल, तर रस्त्यावर पडणारा दाबही साधारण तेवढाच राहतो, कारण भार वाढला की टायर अधिक पसरून टेकतो. रस्ता वाचवायला हे चाक उत्तम होते. शेतातल्या काळ्या मातीत ते रुतत नव्हते, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट.

वारणेच्या काठी हे चाक महत्त्वाचे ठरले ते उसामुळे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि भोवतालचे माळ व मळे उसाखाली आले. तोडलेला ऊस पडून राहिला की सुकतो, त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरेचेही विघटन होऊ लागते. म्हणजे फडातून गव्हाणीपर्यंत तो लवकर आणि एका खेपेत जास्तीत जास्त पोचवणे, यावर शेतकऱ्याचे, तोडणी मजुराचे आणि कारखान्याचे, तिघांचेही पैसे अवलंबून. साखरपट्ट्यातल्या कारखान्यांनी हंगामापुरत्या टायरगाड्या मजुरांना देण्याची पद्धत पाडली. स्वतःच्या लाकडी गाडीवर एक टनाच्या आत माल नेणारा गाडीवान आता त्याच बैलांवर दोन-अडीच टन ऊस नेऊ लागला.

त्याच बैलांवर! हे लक्षात ठेवून पुढचे गणित पाहा. फळ्यावर मांडण्यासारखे आहे. आकडे सोपे घेतले आहेत, पण त्यांचे परस्परांशी प्रमाण वास्तवाला धरून आहे.

लाकडी गाडीचे मालासह वजन १००० किलो धरू. सपाट रस्त्यावर तिला होणारा विरोध वजनाच्या ३ टक्के, म्हणजे ३० किलोग्रॅम-भार. टायरगाडीचे मालासह वजन ३००० किलो, आणि बॉल-बेअरिंग व रबर यांमुळे विरोध २ टक्केच, म्हणजे ६० किलो. माल तिप्पट झाला, पण ओढ दुप्पटच लागली. बैलांची जोडी दिवसभर सतत लावू शकते ती ओढ तिच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी मानतात. ८०० किलोच्या जोडीला हे झाले ८० किलो. साठ किलो त्याच्या आत बसतात. सौदा झकास दिसतो.

आता रस्त्याला चढ द्या. दर २० मीटरला १ मीटर चढणारा रस्ता. चढावर वजनाचा विसावा हिस्सा मागे ओढतो, आणि हा हिस्सा चाक कशाचे आहे ते विचारत नाही. लाकडी गाडीला लागतील ५० अधिक ३०, म्हणजे ८० किलो. जोडीच्या ताकदीला बरोबर पुरणारे. टायरगाडीला लागतील १५० अधिक ६०, म्हणजे २१० किलो. बैल थोडा वेळ याहूनही अधिक जोर लावू शकतात, म्हणून गाडी चढते. पण नव्या चाकाची सगळी कमाई त्या चढावर संपलेली असते.

त्याच रस्त्याने आता खाली उतरा. लाकडी गाडीला उतार पुढे ढकलतो ५० किलोंनी आणि चाकाचा विरोध मागे धरतो ३० किलोंनी. बैलांच्या अंगावर येतात २० किलो. टायरगाडीला उतार ढकलतो १५० किलोंनी, चाक धरते ६० किलोंनी. बैलांच्या अंगावर येतात ९० किलो. साडेचार पट! शिवाय ते येतात कुठे, तेही पाहा. घोड्याच्या सरंजामात मांड्यांमागून जाणारा एक पट्टा असतो, त्यामुळे घोडा उतारावर सारा देह मागे रेलून गाडी रोखू शकतो. आपल्या जूला तसे काही नाही. जू मानेवर पुढे सरकते आणि शिंगांच्या मुळाशी जाऊन अडते. बैलाने गाडी रोखायची ती डोक्याने.

याशिवाय आणखी एक त्रास आहे, तो उंच रचलेल्या उसाचा. दोनचाकी गाडी आखावर तराजूसारखी तोललेली असते. उतारावर गाडी पुढे कलली की मालाचा गुरुत्वमध्य आखाच्या पुढे सरकतो. तो आखापासून १ मीटर उंच असेल, तर आपल्या या उतारावर ५ सेंटिमीटर सरकेल. माल व साटा मिळून २७०० किलो आणि आखापासून जू ३ मीटर अंतरावर धरले, तर मानेवर ४५ किलो भार नव्याने येतो. चढावर याच्या उलट, धुरी वर उचलली जाते. उसाच्या फडाजवळच्या ओढ्याच्या उतारावर गाडी कलंडताना किंवा बैल गुडघ्यावर बसताना पाहिलेल्यांना या ४५ किलोंचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मग ब्रेक? टायरगाडीवर दिसतो तो ब्रेक बहुधा आडव्या दांड्याचा असतो: दोर किंवा तरफ ओढली की दांडा दोन्ही टायरांवर दाबला जातो. कल्पना लाकडी गाडीचीच, फक्त धावेच्या जागी रबर आले. ते ९० किलो रोखायचे आणि लाकूड-रबर घर्षणांक ०.३ धरला, तर दांड्याने टायरांवर एकूण ३०० किलो दाब द्यायला हवा. तरफ पाचास एक असेल तर गाडीवानाने ६० किलोंनी ओढायचे. कोरड्या दिवशी हे जमण्याजोगे आहे. टायर चिखलाने किंवा दवाने ओले असतील तर घर्षणांक निम्मा होतो, आणि मग १२० किलोंनी ओढणारा गाडीवान आणायचा कुठून? त्यात रबर झिजते ते वेगळेच, आणि टायर महाग. त्यामुळे ब्रेक असला तरी तो जपून वापरण्याकडे कल राहतो. एवढे सुधारलेले चाक, त्याला बेअरिंगसुद्धा मोटारीच्या जातीचे, आणि ब्रेक मात्र धावेच्या काळातला.

सरकारी नियमांचे लक्षही आधी चाकाकडेच गेले. ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरतेला आळा घालणारे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांत गाडीवर किती वजन घालावे याची मर्यादा बैलाच्या आकाराप्रमाणे आहे, आणि शिवाय ती चाक पाहून वाढत जाते: साधे चाक, हवेच्या टायरचे चाक, बॉल-बेअरिंग असलेले चाक. रस्त्यात मोठा चढ असेल तर ती निम्मी करायची. वर आपण केलेल्या गणितावरून ही निम्म्याची तरतूद किती शहाणपणाची आहे ते कळते. मात्र या तक्त्यात चढ आहे, उतार नाही.

बैलगाडीचा साकल्याने विचार करणारे एक नाव म्हणजे प्रा. एन. एस. रामस्वामी. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे हे संचालक. व्यवस्थापनाच्या एवढ्या मोठ्या संस्थेच्या प्रमुखाने बैलगाडीवर काम करावे, याचे तेव्हा अनेकांना हसू आले असेल. पण जनावरांच्या ऊर्जेचे व्यवस्थापन आणि बैलगाडीची सुधारणा यांवरचा त्यांचा १९७९ चा अहवाल आजही त्या विषयातला पाया मानला जातो. केवळ चाक बदलू नका, जू, आख, बेअरिंग, ब्रेक आणि गाडीचे वजन हे सगळे एकत्र पाहा, असा त्यांचा आग्रह होता. हाच धागा वारणेपलीकडे, वाळवा तालुक्यात राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये पुढे नेला. उसाच्या बैलगाडीच्या धुरीखाली त्यांनी एक तिसरे, आधाराचे चाक बसवले आणि त्याला 'सारथी' नाव दिले. मानेवरचे ते ४५ किलो जमिनीवर उतरवणारे हे चाक आहे. मागून ढकलणाऱ्या ९० किलोंचा प्रश्न मात्र ब्रेकचाच राहतो.

मोटारीलाही आरंभी नेमका हाच पेच पडला होता. बर्था बेंझ या बाईंनी ऑगस्ट १८८८ मध्ये, म्हणजे डनलॉपच्या पेटंटच्याच वर्षी, नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन जर्मनीत मानहाइम ते फोर्टसहाइम असा प्रवास केला. उतारांवर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची ही सुरुवात. पुढे मिशेलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावून पाहिले. हवेचे टायर रूढ झाले आणि त्यांच्यावर ठोकळा दाबायची सोय संपली, कारण टायरच फाटू लागले. ब्रेकला चाकाच्या कडेवरून हलून मध्याकडे जाणे भाग पडले. १९०२ साली लुई रेनॉल्टने ड्रम ब्रेक आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्याच्या तांब्याच्या पट्ट्या फार किंचाळत, म्हणून तो मागे पडला.

ब्रेक मध्याकडे गेल्याने टायर वाचला, पण एक किंमत मोजावी लागली. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि ब्रेक पकडतो ती त्रिज्या ११ सेंटिमीटर असेल, तर रस्त्यावर १०० किलोंचा रोध मिळवायला ब्रेकपाशी २७० किलोंहून अधिक घर्षणबल लागते. म्हणून द्रवदाबाची नळी आली, पास्कलचा नियम आला. आणि सगळी उष्णता आता एका छोट्या लोखंडी भांड्यात साठू लागली. ड्रम तापला की फुगून आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो, आणि तापलेल्या अस्तराचा घर्षणांकही घटतो. पाय पॅडलवर तोच, पण गाडी थांबत नाही. डिस्कच्या बाबतीत तबकडी तापून जाड होते ती पॅडच्या दिशेने, शिवाय ती वाऱ्याला उघडी असते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, आणि त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांच्या वर गेला. ते ब्रेक बनवले होते डनलॉप कंपनीने! म्हणजे ज्या नावाने आपल्या बैलगाडीला चाक दिले, त्याच नावाने मोटारीला ब्रेक दिला. बैलगाडीला तो कोणी दिला नाही.

आपल्या घरगुती मोटारीची परंपरा वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सपर्यंत जाते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, पुढची पद्मिनी, ही कित्येक मराठी कुटुंबांची पहिली मोटार. तिच्या चारही चाकांना ड्रमच होते. आजच्या बहुतेक सेडानना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे सुमारे ७० टक्के काम पुढची चाके करतात.

आता त्या ॲलॉय चाकांचा प्रश्न घेऊ. शर्यतीच्या मोटारींची चाके मोठी झाली यामागे एक सरळ कारण होते: मोठी डिस्क आत मावायला मोठी कडी लागते. आपण कडी उचलली आणि डिस्क मागेच ठेवली. मोठ्या आऱ्यांमधून दिसणारी ती छोटी तबकडी पाहिली की मला टायरगाडीचा लाकडी दांडा आठवतो.

टायरवर १८५/६५ आर १४ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि कडी १४ इंची. एकूण व्यास निघतो सुमारे ५९६ मिलिमीटर. १५ इंची कडी लावायची तर १९५/५५ आर १५ हा टायर जवळजवळ तेवढ्याच व्यासाचा, ५९५.५ मिलिमीटरचा भरतो. व्यास असा सांभाळला तर वेगदर्शक खोटे बोलत नाही आणि ब्रेकची पकडही घटत नाही. मोठा दिसावा म्हणून व्यासच वाढवला, तर रोधबल त्याच प्रमाणात कमी होते, कारण तेवढ्याच परिबलाला आता मोठी त्रिज्या भागते. कडी मोठी आणि व्यास तोच, म्हणजे रबराची बाजू बुटकी. हंगामात उसाच्या वाहनांनी उखडलेल्या रस्त्यावर खड्ड्याचा धक्का मग रबराऐवजी कडीला बसतो. ॲलॉय म्हणजे हलके, हेही दर वेळी खरे नसते. मोठे ॲलॉय चाक लहान पोलादी चाकापेक्षा जड भरू शकते. आणि कडेला वाढलेला प्रत्येक किलो गतिज ऊर्जेच्या हिशेबात दुप्पट मोजावा लागतो, कारण तो गाडीबरोबर पुढे जातो आणि शिवाय फिरतोही. बोल्टांचे वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास, चाक आत-बाहेर किती बसते तो ऑफसेट आणि चाकावर कोरलेली भारक्षमता, ही चारही मापे मूळ चाकाशी जुळलीच पाहिजेत. यात दुकानदाराचे 'चालतंय की' चालत नाही.

ब्रेक मोठे केल्याने मोटार लवकर थांबते का? एकदाच थांबायचे असेल तर बहुधा नाही. मूळचा ब्रेक चाक घसरण्याच्या सीमेपर्यंत आणू शकत असेल, तर पुढचा निर्णय टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा. घर्षणांक ०.८ धरला तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला ३१ मीटरच्या आसपास लागणारच, डिस्क केवढीही असो. फरक पडतो उष्णतेत. १२०० किलोची मोटार ताशी १०० किलोमीटरवरून थांबली की सुमारे ४ लाख ६३ हजार जूल उष्णता निर्माण होते. पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ३५ टक्के आले आणि डिस्क ५ किलोची असेल, तर ती एका थांब्यात साधारण ७० अंशांनी तापेल. तीच मोटार कोकणात उतरताना अंबा घाटात, समजा, ४०० मीटर खाली आली, तर सुमारे ४७ लाख जूल कुठेतरी जायला हवेत. म्हणजे ताशी १०० वरून लागोपाठ दहा वेळा थांबण्याइतके. येथे मोठी, जड, वाऱ्याला खुली डिस्क खरोखर उपयोगी पडते. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरून इंजिनालाच रोध करायला लावणे यालाही तेवढाच अर्थ आहे, आणि ते फुकट आहे.

ब्रेकचा द्रव हवेतील ओल शोषतो, हेही या हिशेबातच येते. 'डॉट ३' जातीचा कोरडा द्रव किमान २०५ अंशांना उकळावा असा दंडक आहे. ओल शोषलेल्या द्रवासाठी ती मर्यादा १४० वर येते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला जाते. मोठ्या डिस्कसाठी हजारो रुपये मोजण्याआधी दोन वर्षांचा जुना द्रव बदलणे आणि चांगले टायर घेणे, हा क्रम मला योग्य वाटतो. शिवाय केवळ पुढची डिस्क मोठी केली तर पुढची चाके लवकर घसरू लागतात आणि मागच्या चाकांची क्षमता वाया जाते. मोठ्या कॅलिपरला जास्त द्रव लागतो, म्हणजे पॅडल अधिक खोल जाते. एबीएसचे संगणकीय गणितही मूळच्या चाकांना आणि ब्रेकना धरूनच बसवलेले असते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला हवा तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. म्हणून त्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीत कंपनीने स्वतः दिलेली चाके व ब्रेक मिळत असतील, तर ती पाहणे सर्वांत सुरक्षित. तिथे चाक, डिस्क आणि बोल्ट यांचे एकमेकांशी गणित आधीच जुळवलेले असते.

कोल्हापूरच्या शाळांना या पाठासाठी साहित्य शोधायला दूर जायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकाम कारखान्यांतून मोटारींचे बिडाचे भाग बाहेर पडतात. बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनेही जिरतात, म्हणून डिस्क व ड्रम बिडाचे करतात. तिथून एखादी जुनी, टाकाऊ डिस्क मागून आणावी, वजन करावे, पकडीची त्रिज्या मोजावी. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरवरचे आकडे मुलांना वहीत उतरवायला सांगावेत, प्रत्येकाचा व्यास काढून घ्यावा, आणि मग डिस्कच्या त्रिज्येला टायरच्या त्रिज्येने भागायला सांगावे. गावात टायरगाडी असेल तर तिचाही दांडा, तरफ आणि चाक मोजून घ्यावे. दांडा थेट टायरच्या कडेवर दाबतो, त्यामुळे तिथे हे गुणोत्तर १ येईल. असे का, आणि तरीही मोटार हा ब्रेक का वापरत नाही, हा प्रश्न मुलांपुढे टाकून पाहावा.